खान्देशातलं सफरचंद लाल का होत नाही? पिशवी, ऊन आणि सालीचा रंग

यावलचा_बागायतदार
नमस्कार मंडळी,
केळी आमचं मुख्य पीक. विहिरीजवळच्या तुकड्यात हौसेनं सफरचंद लावलंय. बरीचशी झाडं एचआरएमएन-९९ या वाणाची, थोडी अ‍ॅना, आणि परागीकरणासाठी मधेमधे डॉर्सेट गोल्डन. यंदा झाडांवर चांगलं फळ आहे. मे अर्ध्यावर आलाय, पारा चव्वेचाळीसला टेकतोय, आणि फळाची उन्हाकडची बाजू फिकट गुलाबी, बाकी सगळं पिवळट हिरवं.

पोपट आणि फळमाशीपासून वाचावं म्हणून काही फळांना वर्तमानपत्राच्या पिशव्या घातल्या. काहींना केळीच्या घडाला घालतात त्या स्कर्टिंग बॅगचं कापड कापून छोट्या पिशव्या शिवल्या. पेपरातली फळं उघडून पाहिली तर दुधाळ पिवळी, लाल रंगाचा ठिपका नाही. कापडातली मधलीच.

आता माझा प्रश्न. जपान आणि चीनमध्ये सफरचंद लालभडक व्हावं म्हणून पिशवी घालतात असं वाचलं. मग पिशवी तिकडे लाल करते आणि इकडे पांढरं, हे कसं? आणि लाल झालं नाही म्हणजे फळ पिकलं नाही, असं व्यापारी म्हणतो, ते खरं का? चव मला तरी चांगली वाटते. गोड, थोडी आंबूस, कुरकुरीत. रंगापायी या फळाला कोणी हात लावत नाही याचं मला फार वाईट वाटतं. जाणकारांनी लिहावं.

नाना_फैजपूर
यावलला सफरचंद! आधी अभिनंदन घ्या. फोटो टाका, मग बोलू.

सावदेकर
वाचतोय. आमच्याकडे दोन झाडं आहेत, पानं भरपूर, फळ नाही.

वनस्पती_ताई_धुळे
यावलकर भाऊ, तुमच्या निरीक्षणातच उत्तर आहे. जरा सविस्तर लिहिते.

सफरचंदाच्या सालीत तीन रंग एकावर एक असतात. हरितद्रव्याचा हिरवा, कॅरोटिनॉइडांचा पिवळा आणि अँथोसायनिनचा लाल. पहिले दोन फळ लहान असल्यापासून असतात. फळ पिकायला लागलं की त्यातला इथिलीन हा पिकवणारा वायू वाढतो, हरितद्रव्य मोडतं आणि झाकलेला पिवळा दिसायला लागतो. लाल रंग मात्र फळाला नव्यानं बनवावा लागतो. त्यासाठी साखर लागते, उजेड लागतो आणि रात्रीचा गारवा लागतो.

उजेडाचं कारण आता नीट कळलेलं आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सफरचंदातलं एमवायबी-१ हे जनुक दाखवलं. ते चालू झालं की लाल रंग बनवणारी पुढची सगळी साखळी चालू होते. अंधारात कॉप-१ नावाचं दुसरं प्रथिन या एमवायबी-१ च्या प्रथिनावर खूण करतं आणि पेशी ते मोडून टाकते. तुमच्या पेपरच्या पिशवीत हेच झालं. कापडातून थोडा उजेड आत जातो, म्हणून ती फळं मधली.

जपानमध्ये पिशवी शेवटपर्यंत ठेवत नाहीत, खरी गोम तिथे आहे. फळ लहान असताना दुहेरी कागदी पिशवी घालतात. बाहेरच्या कागदाची आतली बाजू काळी, आतली पिशवी मेणाच्या लाल कागदाची. तोडणीला काही आठवडे उरले की बाहेरची काढतात, थोड्या दिवसांनी आतली. अंधारात वाढलेल्या सालीत हरितद्रव्य जवळजवळ नसतं आणि ती साल उजेडाला फार संवेदनशील झालेली असते. उजेड मिळाला की झपाट्यानं लाल चढतो, आणि खाली हिरवा नसल्यामुळे तो मळकट न दिसता स्वच्छ, चमकदार दिसतो. मुत्सू हे खरं तर हिरवं-पिवळं सफरचंद, तेही तिथे असं पिशवीतून काढून गुलाबी करतात. ग्रॅनी स्मिथसारखं हिरवंगार वाणसुद्धा पिशवी काढल्यावर लाली धरतं.

पिशवी स्वतः लाल करत नाही. ती साल तयार करते, लाल करतो तो नंतरचा उजेड आणि गारवा.

बोदवडचा_कापूसवाला
ताई, गारव्याचं वाचलं आणि एकदम लक्षात आलं. आमच्या कपाशीवरचा लाल्या हाच का? दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या की पानं लालजर्द होतात.

वनस्पती_ताई_धुळे
होय! अगदी हाच. लाल्यात पानावर चढतं ते अँथोसायनिनच. रात्रीचं तापमान उतरतं, बोंडं भरताना पानातलं नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, हरितद्रव्य घटतं आणि लाल वर येतो. म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगतात. कपाशीत जो रंग आपल्याला नको असतो, तोच सफरचंदात हवा असतो.

आणि गंमत पाहा, कपाशी आपल्याकडे थंडीत लाल होते आणि सफरचंद भर उन्हाळ्यात पिकतं. जपानच्या आओमोरीत फुजी सफरचंद रंगतं ते ऑक्टोबरात, तेव्हा तिथे रात्री पारा दहाच्या आसपास असतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्री घामानं झोप लागत नाही. उष्णतेत अँथोसायनिन बनायचं मंदावतं आणि बनलेलंही मोडतं. उन्हाळ्यातले टोमॅटो लाल न होता केशरी-पिवळे राहतात तेही उष्णतेमुळेच. रंगद्रव्य वेगळं, लायकोपीन, पण ३० अंशांच्या वर तेही नीट तयार होत नाही.

नाना_फैजपूर
हे लाल्याचं उदाहरण झकास. आता विसरणार नाही.

जामनेरकर७२
एवढं कशाला? बाजारातलं सफरचंद लाल असतं ते रंग मारून. नखानं खरवडलं की पांढरं निघतं. इंजेक्शनही देतात म्हणे.

पाचोऱ्याची_मिनल
जामनेरकर काका, नखानं निघतं ते मेण. कार्नोबा, शेलॅक किंवा मधमाशीचं मेण फळावर लावायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत परवानगी आहे. चमक राहते, पाणी उडत नाही. सफरचंदाच्या स्वतःच्या सालीवरही नैसर्गिक मेण असतंच. रंग मारला असेल तर ओल्या फडक्याला लागेल. आणि टोचलेल्या जागी फळ लगेच तपकिरी पडून सडायला लागतं, त्यामुळे इंजेक्शन दिलेलं फळ बाजारात टिकणारच नाही.

निफाडचा_जावई
सासर निफाडचं म्हणून लिहितो. तिकडे द्राक्षाच्या घडांना कागद गुंडाळतात ते याच्या उलट कारणासाठी. हिरव्या थॉमसन द्राक्षाचे मणी थंडीत गुलाबी पडतात, पिंक बेरी म्हणतात. दिवस गरम आणि रात्री कडाक्याच्या गार असल्या की हा प्रकार होतो, आणि निर्यातीचा माल नापास. म्हणून घडाला कागद. उजेड अडला की गुलाबी अडला. ताईंनी सांगितलेली गोष्ट आमचे सासरे जनुकाचं नाव न घेता कधीपासून करताहेत.

वनस्पती_ताई_धुळे
निफाडकर, हे उदाहरण मी उद्या वर्गात सांगणार. मनापासून धन्यवाद.

साक्रीचं_डाळिंब
एक शंका. उजेडाशिवाय लाल नाही, तर डाळिंबाचे दाणे जाड सालीच्या आत, काळोखात लाल कसे होतात?

वनस्पती_ताई_धुळे
फार चांगला प्रश्न. उजेडाची अट सगळ्या फळांना, सगळ्या भागांना सारखी नसते. डाळिंबाच्या दाण्यात रंगाची साखळी फळाच्या वाढीबरोबरच चालू होते, उजेडाची वाट पाहत नाही. सफरचंदातही आतून लाल गराच्या जाती आहेत. त्यांत एमवायबी-१० या जनुकाच्या आधीचा एक छोटा तुकडा सहा वेळा जोडला गेलेला आढळला. त्यामुळे ते जनुक स्वतःच स्वतःला चालू ठेवतं. अशा झाडाची पानंसुद्धा लालसर असतात.

गारव्याची अट मात्र डाळिंबालाही बऱ्यापैकी लागू आहे. थंडीत तयार झालेल्या फळाचे दाणे गडद आणि कडक उन्हाळ्यातले फिके, हा तुमचाही अनुभव असेल.

साक्रीचं_डाळिंब
अगदी. त्यावरून आमच्याकडे बहार कुठला धरायचा याची भांडणं होतात.

रावेरची_केळी
मी केळीवर येतो, कारण रंग आणि पिकणं यांचा घोळ आमच्याइतका कोणी भोगत नाही. उन्हाळ्यात घरात लटकवलेला घड पाहा. केळं मऊ होतं, गोड होतं, वास सुटतो, आणि साल हिरवीच राहते. पाहुणे म्हणतात कच्चं आहे. सोलून द्यावं लागतं तेव्हा पटतं.

कारण असं की आपल्या जी-नाईनसारख्या कॅव्हेंडिश गटातल्या केळ्याला साधारण २४ अंशांच्या वर पिकवलं तर सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही. गर पिकतो, साल मागे राहते. म्हणून रायपनिंग चेंबरमध्ये १६ ते १८ अंश ठेवतात, आर्द्रता नव्वदच्या वर, इथिलीन १०० पीपीएमपर्यंत, आणि मधून मधून दार उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात. मग ती एकसारखी पिवळी फणी मिळते.

आता याची दुसरी बाजू. थंडीत पारा फार उतरला की बागेतच केळीला चरका बसतो. ते केळं पिकवलं तर पिवळं होण्याऐवजी राखाडी, निस्तेज पडतं. म्हणजे केळीला गारवा हवा, पण मोजून. तेव्हा यावलकर भाऊ, लाल नाही म्हणजे पिकलं नाही असं म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला उन्हाळ्यातलं हिरवं पिकं केळं खाऊ घाला.

चोपडेकर_आबा
+१. आणि स्कर्टिंग बॅग? आमच्या घडाला ती घातल्यापासून साल डागविरहित येते, पण हिरवा थोडा फिका वाटतो.

रावेरची_केळी
आबा, बरोबर. बॅगेत सावली असते, पानं घासत नाहीत, किडीचे चट्टे नाहीत. निर्यातीला हेच लागतं. केळ्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा, तो सालीत आधीपासूनच असतो. त्याला लालसारखी उन्हाची गरज नाही. म्हणून केळीला बॅग तोडणीपर्यंत ठेवली तरी चालते.

पाचोऱ्याची_मिनल
अवांतर: पिकलेलं केळं अतिनील दिव्याखाली निळं चमकतं! हरितद्रव्य मोडून जे पदार्थ उरतात त्यांच्यामुळे. २००८ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी हे दाखवलं. नोटा तपासायच्या दिव्याखाली धरून पाहा, मुलं खूश होतात.

जामनेरकर७२
केळ्याचा विषय निघालाच आहे तर कार्बाइडवरही बोला. आमच्या गल्लीत एक जण अजून पुड्या टाकतो.

रावेरची_केळी
काका, कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यातून निघणाऱ्या अ‍ॅसिटिलीन वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. इथिलीन वायूला रीतसर परवानगी आहे, कारण फळ स्वतःही तोच वायू सोडतं. तुमच्या गल्लीतल्या माणसाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा, खरंच करा. लहान मुलं खातात ती केळी.

शहादा_पपई
सगळं शास्त्र ठीक, पण शेतकऱ्याला शेवटी भाव लागतो. बाजारात लालच विकतं. इथेफॉन मारा, रंग येतो. हिमाचलवालेही मारतात.

शिमल्यात_राहिलेला_धरणगावकर
शहादेकर भाऊ, भावाचं म्हणणं मान्य, उपाय अजिबात मान्य नाही. नोकरीनिमित्त बरीच वर्षं शिमला जिल्ह्यात होतो, बागा जवळून पाहिल्या.

इथेफॉननं इथिलीन मिळतं. रंगाला मदत होते खरी, पण पिकणं त्याहून पुढे पळतं. फळ भुसभुशीत होतं, देठ सुटून गळतं, शीतगृहात टिकत नाही. तेही तिथे, जिथे रात्री गार असतात. यावलच्या मे महिन्यात उष्णता लाल बनूच देणार नाही. रंग येणार नाही आणि फळ मात्र पिठूळ होईल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. लाल रंगाच्या हौसेपायी रेड डिलिशियस या वाणातून अधिकाधिक लाल फळं देणाऱ्या फांद्या निवडून नवे वाण काढत गेले. त्यातले काही इतके लवकर लाल होतात की आत स्टार्च भरलेला असतानाच फळ तयार दिसतं. मग बागवान भाव गाठायला आधी तोडतो, आणि खाली मैदानी प्रदेशातला माणूस म्हणतो सफरचंदाला पूर्वीची चव राहिली नाही. जपानमध्येही पिशवीत न वाढलेलं फुजी ‘सन फुजी’ म्हणून विकतात. दिसायला थोडं खडबडीत, पण गोडीला सरस, कारण पिशवीतल्या फळात साखर थोडी कमी भरते. तिथले ग्राहक हे ओळखून घेतात. आपणही ग्राहकाला शिकवू शकतो, त्यासाठी फळाला औषध पाजायची गरज नाही.

हिमाचलचे जुने बागवान लालकडे बघतच नाहीत. लालच्या खालचा रंग हिरव्याकडून पिवळ्याकडे गेला का, बी तपकिरी झालं का, हे बघतात.

शहादा_पपई
पिठूळ होण्याचा मुद्दा पटला. भावाचा मुद्दा मात्र उरतोच.

अहिराणी_आप्पा
मन्हं सांगणं एकच शे. जे गोड लागी ते खावानं, रंग कोन देखस!

नाना_फैजपूर
आप्पा, बाजारात सगळे रंगच देखतस, तीच तर अडचण.

वनस्पती_ताई_धुळे
यावलकर भाऊ, एक गोष्ट कळकळीनं सांगते. आता पेपरच्या पिशव्या एकदम काढू नका. अंधारात वाढलेल्या सालीला उन्हापासून बचाव करणारी द्रव्यं बनवायला वेळच मिळालेला नसतो. अँथोसायनिन हेही असंच एक संरक्षण आहे. फळाच्या सालीचं तापमान हवेपेक्षा १० अंशांनी सहज जास्त असतं. ४६ ते ४९ अंशांना साल तपकिरी भाजते आणि ५२ च्या आसपास मरते. सावलीतलं फळ अचानक उन्हात आणलं तर याहून कमी तापमानालाही पांढरे चट्टे पडतात. चव्वेचाळीसच्या उन्हात पिशवी काढली तर लाल नाही, करपलेलं फळ मिळेल.

पिकल्याची खात्री करायची असेल तर आयोडीन लावून बघा. फळ आडवं कापा, आयोडीनचं पातळ द्रावण लावा. स्टार्च असेल तिथे निळं-काळं होतं, साखर झाली असेल तिथे पांढरंच राहतं. मधला गाभा आणि त्याभोवतीचा गर पांढरा राहिला की तोडणीला आलं समजा. ती फोड खायची नाही, फेकून द्यायची.

यावलचा_बागायतदार
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे भाचीच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून आयोडीन आणलं. पेपरातलं, कापडातलं आणि उघडं, तिन्ही प्रकारची फळं कापली. मधला भाग तिन्हींत पांढरा, सालीलगत फक्त निळी कड. बी तपकिरी. म्हणजे तिन्ही सारखीच पिकली आहेत, रंग तेवढा वेगळा. व्यापाऱ्याला कापलेल्या फोडी दाखवल्या. त्यानं घेतली नाहीत, पण मी स्वतः भुसावळच्या आठवडे बाजारात फोड चाखायला देऊन पिवळी म्हणूनच विकतोय. चाखलेलं गिऱ्हाईक घेतंय.

पिशव्या आता तोडणीपर्यंत तशाच ठेवणार. पोपटांनी उघडी फळं चांगलीच फस्त केली, पिशवीतली वाचली.

सावदेकर
भाऊ, एचआरएमएन पिवळंच असतं का मुळात? की आपल्याकडेच?

शिमल्यात_राहिलेला_धरणगावकर
शेतकरी हरिमन शर्मांनी ते हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावात तयार केलं, साधारण ७०० मीटर उंचीवर. तेही उन्हाळ्यातच पिकतं आणि तिथेही पिवळ्यावर लालसर झाक अशीच साल असते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कमी थंडीत फुलणं हा त्या वाणाचा खरा गुण, लालभडक रंग हा नव्हेच.

नंदुरबारचा_डोंगर
मग तोरणमाळला लावा की! उंची हजार मीटरच्या वर, उन्हाळ्यातही रात्री बरी. आमच्या डाब गावाला स्ट्रॉबेरी होते, आणि ती चांगली लाल होते.

साक्रीचं_डाळिंब
तोरणमाळ दूर राहिलं, मला वेगळंच सुचतंय. जागा बदलण्याऐवजी बहार बदलता येईल का? डाळिंबाला आपण पाणी तोडून ताण देतो, पानगळ करतो आणि हव्या त्या हंगामात फूल काढतो. सफरचंदाला पावसाळ्याच्या शेवटी पानगळ केली तर फळ डिसेंबर-जानेवारीत येईल. तेव्हा आपल्याकडे रात्री दहा-बारा अंश आणि दिवसा स्वच्छ ऊन. लाल्याचाच हंगाम!

वनस्पती_ताई_धुळे
साक्रीकर, हा विचार अजिबात हवेतला नाही. इंडोनेशियात जावा बेटावर बातूच्या परिसरात हेच करतात. तिथे हिवाळा नाहीच, म्हणून फळ काढून झालं की काही आठवड्यांनी हातानं सगळी पानं ओरबाडतात. झाड विश्रांतीत जायच्या आधीच कळ्या फुटतात आणि वर्षाला दोन बहार मिळतात. ती जागा हजार मीटरच्या आसपास आहे, आणि आपल्याकडे फुलोऱ्यात परतीचा पाऊस लागला तर बुरशीची भीती राहील. पण करून बघण्यासारखं नक्की आहे. सगळ्या बागेवर नको, थोड्या झाडांवर.

बोदवडचा_कापूसवाला
थंडीत पोपट कपाशीकडे नसतात, सफरचंदाकडे येतील. जाळी लावा.

यावलचा_बागायतदार
साक्रीकर दादा, वाचून अंगात उत्साह आला. तोडणी संपली की अ‍ॅनाच्या एका ओळीला पाणी तोडतो, पोळ्याच्या सुमारास पानं हातानं काढतो. डॉर्सेटची जवळची झाडंही त्याच दिवशी, म्हणजे फूल एकत्र येईल. ओळीतल्या अर्ध्या फळांना दुहेरी कागद घालून डिसेंबरात काढतो, अर्धी उघडी. छाटणीही तेव्हाच करायची का, आणि पानगळीनंतर डाळिंबाला देता तेवढंच खत द्यायचं का, हे सांगा.

साक्रीचं_डाळिंब
छाटणी हलकी, फक्त शेंडे. खत डाळिंबाच्या निम्मं, आणि नत्र हात राखून. नत्र जास्त झालं की पाला माजतो, सावली पडते आणि रंग मार खातो. पानगळीला इथेफॉन नको, हातानंच काढा. फूल दिसलं की इथेच लिहा, मी यावलला येतो.